नक्कल आणि अक्कल

संगणकाची विद्या आमच्या घरांत शिरली तेव्हां आम्हीं तिचें स्वागतच केलें. ज्या घरांत तीन पिढ्या एका छपराखालीं नांदतात, तेथें नवी विद्या दाराशीं आली असतां तिला पाट मांडावा, दार लावून घेऊं नये, असें आमचें मत आहे. परंतु पाट मांडल्यावर पाहुणा कोण, कोठला, याची चौकशीही करावी लागते. ती आम्हीं वेळेवर केली नाहीं, आणि त्यामुळें जें घडलें तें वाचकांपुढें ठेवीत आहों. ज्यांच्या घरीं मुलगा, सून किंवा नातवंड हल्लीं ही विद्या शिकत असेल, त्यांस त्याचा कांहीं उपयोग होईल असें वाटतें.

आमच्या धाकट्या बंधूंच्या चिरंजीवानें वाणिज्य शाखेची पदवी पदरीं पडल्यावर वेब प्रोग्रामिंग, म्हणजे संगणकाच्या जाळ्यावर दिसणारीं पानें रचण्याची विद्या, शिकण्याचें मनावर घेतलें. सहा महिन्यांचा एक वर्ग केला. चौकटींत लावण्याजोगें प्रमाणपत्र मिळालें. आमच्या थोरल्या वहिनींच्या देखरेखीखालीं घरांतील सुना दिवाळीचा फराळ करून मागणीप्रमाणें बाहेरगांवीं पाठवितात. त्या मागण्या नोंदविण्यासाठीं त्यानें तीन दिवसांत एक सुंदरसें पान तयार केलें. वर लाडूंचें चित्र, खालीं भाव, किती किलो हवें तें लिहिण्याची चौकट, आणि तिच्याखालीं एकूण रक्कम. वहिनींनीं दृष्ट काढली. ती पानाची कीं मुलाची, हें आम्हांस सांगतां येत नाहीं.

पहिल्याच दिवशीं बंधूंनीं प्रयोग म्हणून दोन किलो बेसनाचे लाडू मागविले. भाव किलोस ६०० रुपये, पाठवणीचा खर्च ९० रुपये. पानावर एकूण रक्कम आली १२००९०. एक लक्ष वीस हजार नव्वद रुपयांचे लाडू! सर्वांची हंसून मुरकुंडी वळली. चिरंजीव मात्र खोलींत गेला, अर्ध्या तासानें बाहेर आला आणि म्हणाला, “झालें.” खरेंच झालें होतें, १२९० ही रक्कम बरोबर दिसत होती.

आम्हीं सहज विचारलें, “चूक काय होती?”

“तेथें ‘नंबर’ हा शब्द आणि कंस घालायचा राहिला होता, काका.”

“तो कां घालायचा?”

“तसेंच असतें तें. एके ठिकाणीं उत्तर सांपडलें, तें उतरवून घेतलें.”

आम्ही गप्प बसलों. चाळीस वर्षें मुलांस शिकविल्यावर एवढें आम्हांस समजावयास हवें होतें कीं, ‘तसेंच असतें’ हे दोन शब्द जेथें येतात तेथें अध्ययन संपलेलें असतें. परंतु पान चालत होतें, घर आनंदांत होतें. आम्हीं तो विषय तेथेंच सोडला.

येथें आमच्याच व्यवसायाचा एक दोष कबूल करणें भाग आहे. भूमितीचा एक सिद्धांत आम्ही मुलांकडून अक्षरशः पाठ करून घेत असूं. त्रिकोणास अ, ब, क अशीं नांवें असलीं कीं वर्गांतील निम्मीं मुलें न अडखळतां सिद्धता लिहीत. एका परीक्षेंत आम्हीं तीं नांवें बदलून प, फ, भ केलीं, तर त्या निम्म्यांतील बहुतेक मुलें लटकीं पडलीं. त्रिकोण तोच होता. मुलांस त्रिकोण कधीं दिसलाच नव्हता. दिसलीं होतीं तीं अक्षरें. याचा दोष मुलांचा नव्हता, आमचा होता.

म्हणून पाठांतर वाईट असें मात्र आम्ही म्हणणार नाहीं. रूपावली पाठ केल्यावांचून संस्कृतांत कोणाचें पाऊल पुढें पडलेलें आम्हीं पाहिलें नाहीं. पाठ केलेली गोष्ट निदान एकदां मनांतून जाते, तेथें मुरते, आणि पुढें केव्हांतरी तिचा अर्थ उमलतो. संगणकावर जी नक्कल चालते ती पाठांतराच्याही खालची पायरी आहे. दोन कळा दाबल्या कीं मजकूर उचलला जातो, आणखी दोन दाबल्या कीं तो आपल्या पानांत येऊन बसतो. तो ना डोळ्यांतून जातो, ना हातांतून, ना मनांतून.

पुढें दोन गोष्टी एकाच पंधरवड्यांत घडल्या. एका कंपनींत चिरंजीवास मुलाखतीस बोलावलें. त्यानें आपलें फराळाचें पान मोठ्या हौसेनें दाखविलें. तेथील गृहस्थांनीं त्यांतील एका ओळीवर बोट ठेवून “ही काढली तर काय होईल?” एवढेंच विचारलें. याला उत्तर आलें नाहीं. घरीं आल्यावर तो कोणाशीं बोलला नाहीं, आणि नोकरीचें पत्रही आलें नाहीं.

दुसरी गोष्ट दिवाळीच्या आधींच्या आठवड्यांतील. दरवर्षींचीं वृद्ध गिर्‍हाइकें अचानक कमी झालीं. कोणास कारण कळेना. शेवटीं वहिनी आमच्याकडे हळूच येऊन म्हणाल्या, “भाऊजी, माझ्या हातून तें पान बिघडलें वाटतें. मी माझ्या माहेरच्यांसाठीं चकली मागवून पाहात होतें, तर कांहीं भलतेंच आलें. मी त्याला बोललें नाहीं. आधींच त्याचें मन दुखलेलें आहे.” चार दिवस ही बाई आपल्या हातून नुकसान झालें या समजुतीनें जेवतांनाही खालीं मान घालून बसत होती. आम्हीं त्यांच्या मोबाइलवर पाहिलें. किलोच्या चौकटींत त्यांनीं स्वच्छ मराठी २ लिहिला होता. आणि एकूण रकमेच्या जागीं एन, ए, एन अशीं तीन इंग्रजी अक्षरें उमटलीं होतीं.

त्या अक्षरांचा अर्थ आहे ‘संख्या नव्हे’. सत्तरी उलटलेल्या बाईनें शुद्ध देवनागरींत दोन लिहावे आणि यंत्रानें तिला सांगावें कीं ही संख्याच नव्हे! ज्यांच्या मोबाइलवर मराठी कळफलक होता त्या सर्व गिर्‍हाइकांना हाच अनुभव आला असला पाहिजे, आणि वहिनींप्रमाणेंच त्यांनींही आपलीच चूक समजून तें पान मिटलें असलें पाहिजे.

त्या रात्रीं चिरंजीव आपण होऊन आमच्याकडे आला. “काका, मला यांतलें कांहींच येत नाहीं,” म्हणाला. आम्हीं म्हटलें, “आम्हांलाही येत नाहीं. तेव्हां दोघेही पहिल्या पाठापासून बसूं.” मोझिला संस्थेनें ‘एमडीएन’ या नांवानें या विद्येचें एक उत्तम संदर्भस्थान विनामूल्य ठेवलें आहे, तें उघडलें, जवळ वही आणि शिसपेन्सिल घेतली, आणि एक नेम केला. ज्या ओळीचा अर्थ एकानें दुसर्‍यास मराठींत सांगितला नाहीं, ती ओळ पानांत ठेवावयाची नाहीं.

पहिला पाठ अर्थात् त्या लक्षाधीश लाडूंचा. जावास्क्रिप्ट नांवाची जी भाषा पानास हालचाल देते, ती ब्रेंडन आइक यांनीं १९९५ सालीं नेटस्केप कंपनींत दहा दिवसांत रचली. त्या घाईच्या कांहीं खुणा तिच्यांत अजून आहेत. चौकटींत आपण जें लिहितों तें तिच्या दृष्टीनें संख्या नसतें, नुसती चिन्हांची माळ असते. ‘९०’ म्हणजे नव्वद नव्हेत. नऊचें चिन्ह आणि त्यापुढें शून्याचें चिन्ह. आतां या भाषेंत अधिक-चिन्हाचीं कामें दोन. दोन्हीं बाजूंस संख्या असल्या तर बेरीज. एका बाजूस जरी चिन्हमाला असली तरी जोडणी. संस्कृताच्या विद्यार्थ्यानें याला संधि म्हणावें. गुणाकाराच्या चिन्हाला असें दुसरें काम नाहीं, म्हणून तें चिन्हमालेलाही मुकाट्यानें संख्या करून घेतें. त्यामुळें दोन किलो गुणिले ६०० याचें उत्तर १२०० बरोबर आलें, आणि पुढें ९० मिळवितांना बेरीज न होतां संधि झाली. ‘नंबर’ या शब्दाचें काम चिन्हमालेची संख्या करण्याचें. एवढें कळल्यावर चिरंजीव कांहीं वेळ वहीकडे पाहात राहिला आणि म्हणाला, “म्हणजे औषध बरोबर दिलें होतें, रोग माहीत नव्हता.”

मग वहिनींचा दोन. संगणकांत प्रत्येक अक्षरास एक क्रमांक असतो. युनिकोड नांवाच्या जागतिक मांडणींत इंग्रजी शून्याचा क्रमांक ४८ आणि इंग्रजी दोनाचा ५०. देवनागरी शून्याचा क्रमांक २४०६, दोनाचा २४०८, नवाचा २४१५. जावास्क्रिप्टच्या ‘नंबर’ला फक्त इंग्रजी अंक ओळखतां येतात, आपले अंक तिच्या लेखीं क, ख, ग यांसारखींच अक्षरें. ज्या परदेशी गृहस्थानें तें उत्तर लिहिलें, त्याच्या गिर्‍हाइकांत आमच्या वहिनी नव्हत्या. त्यास दोष देण्यांत अर्थ नाहीं. उतरवून घेणार्‍यानें आपलें गिर्‍हाईक कोण याचा विचार करावयास हवा होता. उपाय काय, हें आम्हीं त्यास सांगितलें नाहीं. क्रमांक तेवढे वहींत एकाखालीं एक मांडले. दहा मिनिटांत तो ओरडलाच, “काका, सगळ्यांत अंतर सारखेंच आहे! २३५८!” खरेंच, कोणत्याही देवनागरी अंकाच्या क्रमांकांतून २३५८ वजा केले कीं त्याच इंग्रजी अंकाचा क्रमांक मिळतो. केवळ वजाबाकी. त्यानें त्याच रात्रीं चार ओळी स्वतः लिहिल्या. कोठून उतरविलेल्या नव्हेत असे त्याच्या हातचे पहिले शब्द ते.

जातां जातां एक गंमत. ‘संख्या नव्हे’ या वस्तूची जात कोणती, असें त्या भाषेलाच विचारलें तर ती उत्तर देते, ‘संख्या’. चिरंजीव हंसूं लागला. आम्हांस नवल वाटलें नाहीं. नञ् समासांत अनश्व म्हटलें म्हणजे घोडा नव्हे, परंतु घोड्याच्याच जातींत शोभणारें दुसरें जनावर; दगडास कोणी अनश्व म्हणत नाहीं.

पानाचा रंग, अक्षराचा आकार, मांडणी यांचें शास्त्र निराळें आहे. त्यास सीएसएस म्हणतात. होकोन विउम ली या नॉर्वेजियन गृहस्थानें १९९४ सालीं तें सुचविलें आणि डिसेंबर १९९६ मध्यें त्यास अधिकृत मान्यता मिळाली. हें शास्त्र शिकतांना आम्हांस जो आनंद झाला तो लिहून सांगतां येणार नाहीं, कारण परक्या गांवांत अचानक घरचें माणूस भेटावें तसें झालें. चिरंजीवाच्या पानांत भाव तांबड्या अक्षरांत यावयाचे होते, ते काळेच राहात. त्यावर इलाज म्हणून त्यानें कोठून तरी ‘इम्पॉर्टंट’ हा शब्द उचलला होता. हा शब्द उद्गारचिन्हासह नियमापुढें लिहिला कीं तो नियम इतर साध्या नियमांना दाबून टाकतो. एकदां लिहिला, काम झालें. मग दुसरीकडे अडलें, तेथेंही लिहिला. आम्हीं मोजले तेव्हां सतरा ठिकाणीं तो शब्द होता. घरांत एकानें आवाज चढविला तर त्याचें ऐकलें जातें. सतरा जण ओरडूं लागले म्हणजे पुनः पूर्वपद, शिवाय घसा बसतो तो निराळाच.

खरें पाहतां नियमांच्या बलाबलाची तेथें सुरेख व्यवस्था आहे. ‘सर्व परिच्छेद काळे असावेत’ हा सामान्य नियम, म्हणजे उत्सर्ग. ‘ज्यांवर भाव असा शिक्का आहे ते तांबडे असावेत’ हा विशेष नियम, म्हणजे अपवाद. एकाच जागीं दोन्ही लागूं पडले तर अपवाद जिंकतो, मग तो आधीं लिहिलेला असो वा नंतर. एकाच वस्तूचें स्वतःचें नांव घेऊन केलेला नियम त्याहूनही बलवान्. आणि दोन नियम सर्वथा तुल्यबल असले तर नंतर लिहिलेला प्रमाण. व्याकरण शिकलेल्या वाचकांस येथें पाणिनि आठवल्यावांचून राहणार नाहीं. तुल्यबल सूत्रांचा विरोध आला असतां पर सूत्राचें कार्य करावें, ही त्याची व्यवस्था. आणि नागेशभट्टांच्या परिभाषेन्दुशेखरांत पर, नित्य, अंतरंग आणि अपवाद यांचें चढतें बल सांगितलें आहे. (‘पर’ म्हणजे क्रमानें नंतरचा, हा परंपरेचा अर्थ. २०२२ सालीं केंब्रिज विद्यापीठांतील आपल्या प्रबंधांत ऋषी राजपोपट यांनीं त्याचा ‘उजवीकडचा’ असा अर्थ घ्यावा असें प्रतिपादिलें आणि पंडितांत वाद माजला; तो येथें नको.) म्हणून पाणिनीनें संगणक शोधून काढला, असें म्हणणार्‍यांच्या पंक्तीस मात्र आम्ही बसत नाहीं. दोन ठिकाणीं अनेक नियम एका जागीं भांडणार होते, आणि दोन्हीं ठिकाणीं शहाण्या माणसांनीं भांडण मिटविण्याची रीत आधींच ठरवून ठेविली, एवढेंच. ती रीत कळल्यावर चिरंजीवानें एकेक करून तो शब्द काढावयास घेतला. कोणता नियम कोणास कां हरवितो हें प्रत्येक वेळीं आधीं वहींत लिहावयाचें, मग पान उघडून पाहावयाचें. सतरांपैकीं एकही राहिला नाहीं.

ब्राउझर आणि सर्व्हर यांचें नातें पोस्टाच्या उदाहरणानें लौकर समजतें. ब्राउझर पत्र पाठवितो, सर्व्हर उत्तर देतो. आणि हें पोस्ट इतकें विसराळू कीं मागचें पत्र कोणाचें होतें तें त्यास आठवत नाहीं. म्हणून उत्तरासोबत एक लहानसा बिल्ला देतात, तो पुढच्या पत्रास जोडून पाठविला कीं ओळख पटते. त्यास कुकी म्हणतात. १९९४ मध्यें नेटस्केपमधील लू मोंटुली यांनीं ती युक्ति योजिली. बाकी तपशील येथें सांगत नाहीं.

आतां एक शंका कोणी घेईल. या विद्येचा जन्मच नकलेंत झाला ना? तें खरें आहे. टिम बर्नर्स-ली यांनीं जिनिव्हाजवळच्या सर्न या संस्थेंत १९८९ सालीं या जाळ्याची योजना मांडली. आणि ३० एप्रिल १९९३ रोजीं सर्ननें तिची प्रणाली सर्वांस मोफत खुली केली. कोणत्याही पानाचा मूळ मजकूर उघडून पाहण्याची सोय ब्राउझरमध्यें पहिल्यापासून असे, आणि त्या पिढीचे पुष्कळ कारागीर दुसर्‍यांचीं पानें पाहूनच तयार झाले. परंतु ते काय करीत? एक शब्द बदलीत आणि काय झालें तें पाहात. एक ओळ काढीत आणि काय मोडलें तें पाहात. गवयाचा शागीर्दही आधीं गुरूची तान उचलतो, पण ती स्वतःच्या गळ्यांतून काढावी लागते. बटण दाबून तान उचलतां आली असती तर किती गवई झाले असते?

हल्लीं तर उतरविण्याचेही श्रम उरले नाहींत. २०२२ च्या अखेरीस चॅटजीपीटी सर्वांस खुलें झाल्यापासून, काय हवें तें साध्या भाषेंत सांगितलें कीं यंत्र आख्खा प्रोग्राम लिहून देतें. आमच्या चिरंजीवाचीं कित्येक पानें तेथूनच आलेलीं होतीं. याला आमचा विरोध नाहीं. विद्वान् शेजारी मिळाला तर त्यास विचारूं नये काय? परंतु शेजार्‍यानें लिहून दिलेला अर्ज सही करण्यापूर्वीं आपण वाचतों. मुलाला समज आली आहे कीं नाहीं हें पाहण्यास पालकांस प्रोग्रामिंग येण्याची मुळींच जरूर नाहीं. रात्रीं जेवणें झाल्यावर त्यास पान दाखवावयास सांगावें, एखाद्या ओळीवर बोट ठेवावें आणि “ही काढली तर काय होईल?” असें विचारावें. त्या कंपनींतील गृहस्थांनीं आमच्या मुलास नोकरी दिली नाहीं, पण हा प्रश्न दिला. त्यांचे आम्ही ऋणी आहों. उत्तर चुकलें तरी चालेल. उत्तर आधीं सांगावें, मग ओळ खरेंच काढून पाहावी, आणि अंदाज कां चुकला तें शोधावें. सुरुवातीस एका संध्याकाळीं आमच्या दोघांच्या तीन ओळींहून अधिक होत नसत. शिकवणीच्या वर्गांत एका तासांत तीनशें ओळी होतात म्हणे.

यंदा दिवाळीच्या महिनाभर आधीं नवें पान तयार झालें. पूर्वींपेक्षां दिसण्यांत साधें आहे. लाडूंचें चित्रही लहान झालें आहे. सर्वांत आधीं तें वहिनींच्या हातीं दिलें. वहिनींनीं चष्मा पुसला, चकलीसमोर मराठी २ लिहिला, आणि खालीं रक्कम बरोबर आली. “माझें बरोबर होतें तर!” त्या म्हणाल्या. चिरंजीव वाकून त्यांच्या पायां पडला. वहिनींनीं त्याच्या पाठीवरून हात फिरविला, मग पुनः मोबाइल उचलून लाडूंच्या चौकटींत कांहींतरी लिहिलें, आणि त्याच्यापुढें धरला. एकूण रकमेच्या जागीं पुनः तीं तीन अक्षरें होतीं. चौकटींत त्यांनीं अक्षरांनीं लिहिलें होतें, ‘दीड’.

“दीड किलो नाहीं का मिळत तुझ्याकडे?” त्यांनीं विचारलें.

तो संगणकाकडे वळला नाहीं. फळीवरची वही काढून, पेन्सिल घेऊन त्यांच्याजवळ पाटावर बसला आणि म्हणाला, “मोठ्या काकू, आधीं मला सांगा, तुम्ही आणखी काय काय लिहितां? पाऊण? सव्वा? अडीच?”